हरिणीमागचं पाडस

मला बसवत नाही. लहानपणापासून हा दोष आहे. आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी बांधलीय. जेवताना पाय हलतो, वाचताना हलतो, समोर कुणी पाच मिनिटं सलग बोललं तर मी उठून खिडकीशी जातो. ऑपरेशन टेबलाशी मात्र हात दगडासारखा स्थिर, म्हणून सर्जन झालो. नाहीतर फिरता विक्रेता झालो असतो आणि कदाचित जास्त सुखात राहिलो असतो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या एका लहान हॉस्पिटलात रजिस्ट्रार होतो. एडिनबरापासून ट्रेनने अडीच तास. बायको एडिनबरात, भूल देणारी डॉक्टर. आम्ही मिरजेचे वर्गमित्र, त्यामुळे एकमेकांना अरे-तुरे. महिन्यातून दोनदा, ड्युट्या जुळल्या तर, भेट व्हायची. उरलेले दिवस मी क्वार्टर्समधल्या खोलीत फेऱ्या मारायचो. पलंगापासून खिडकीपर्यंत पाच पावलं. खालच्या मजल्यावरची सिस्टर एकदा म्हणाली, डॉक्टर, तुमच्या कार्पेटला वाट पडेल.

पण हे नुसतं स्वभावाचं नव्हतं. आमची मुलगी सांगलीला होती.

दीड वर्षाची असताना तिला माझ्या आईजवळ ठेवून आम्ही दोघं इकडे आलो. आज कुणाला सांगितलं तर भुवया उंचावतात. तेव्हा आमच्यासारख्या डॉक्टर जोडप्यांत ती रीतच पडली होती. आधी नोकरी, मग फेलोशिपची परीक्षा, मग मूल आणायचं. लंडनच्या पिनर उपनगरात एका ओळखीच्यांकडे आम्ही पाच-सहा जोडपी जमायचो, तर त्यातल्या तिघांची मुलं 'तिकडे' होती. श्रीखंड वाटता वाटता यजमानीणबाई म्हणाल्या होत्या, "आमचा पण नाशिकलाच आहे. तिकडे माणसं असतात हो घरात. इथे काय, नाइट ड्युटी करायची आणि पोराला चाइल्डमाइंडरकडे टाकायचं?" आम्ही माना डोलावल्या. सगळ्यांचंच तसं असलं की कुणाला काही बोचत नाही.

आम्ही सहा महिने म्हणालो होतो. मी परीक्षेत नापास झालो. पुन्हा बसलो, पुन्हा नापास. 'परीक्षा झाली की आणू' हे वाक्य आमच्या घरात देवासमोरच्या दिव्यासारखं रोज लावलं जायचं. असं करता करता दोन वर्षं उलटून गेली.

अगदी सुरुवातीला, त्या हॉस्पिटलात येऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हा एक पन्नाशीचा पेशंट हर्नियासाठी आला. आसपासच्या एका मोठ्या एस्टेटवर तो स्टॉकर होता. म्हणजे हरणांच्या शिकारीला लोकांना डोंगरावर घेऊन जाणारा, कुठलं हरीण मारायचं आणि कुठलं सोडायचं हे ठरवणारा पगारी माणूस. सहा आठवडे काही उचलायचं नाही, असं मी त्याला बजावलं. चौथ्या आठवड्यात तो तपासायला आला तो बुटांना चिखल आणि कोटाला घोड्याचे केस घेऊन. मी भडकलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शनिवारी वर या. मी काय उचलतो ते बघा, मग ओरडा."

गेलो. बसून तरी काय करत होतो?

तिथल्या दऱ्यांमधून जुन्या पायवाटा वर चढतात. शंभरेक वर्षांपूर्वी खास शिकारीसाठीच काढलेल्या. मारलेलं हरीण पोनीच्या पाठीवर लादून खाली आणताना तिचा पाय घसरू नये, असा त्यांचा चढ बेतलेला असतो. आमच्याकडच्या बैलांच्या घाटवाटा असतात ना, तशाच. वळणावळणावर पाणी जायला दगडी मोऱ्या, आणि त्या अजून शाबूत. नकाशात दिसत नाहीत, पण पोनीला पाठ असतात. शिंगंवाले नर मारायला उन्हाळ्याच्या शेवटी श्रीमंत पाहुणे येतात. थंडीत हरिणी कमी करण्याचं काम उरतं, त्याला पाहुणे नसतात. लांडगे केव्हाच संपले, माणसाने संख्या आवरली नाही तर निम्मी हरणं फेब्रुवारीत उपाशी मरतात. ते काम माझा पेशंट एकट्याने करायचा. पहिल्या हिवाळ्यात मी त्याची पोनी धरली.

मला वाटलं होतं, चालायला मिळेल. चालणं थोडं, पडून राहणं फार. वारा समोरून हवा, नाहीतर हरणांना माणसाचा वास लागतो, म्हणून कधी कधी अर्धा डोंगर वळसा घालायचा आणि मग ओल्या हेदरच्या झुडपांत पोटावर दोन-दोन तास पडायचं. पाणी छातीतून शिरतं ते बुटातून निघतं. आणि मी असा! तो दुर्बिणीला डोळा लावून, मान न वळवता कुजबुजायचा, "डॉक्टर, पाय." माझा पाय हलत असायचा, झुडूप हलत असायचं, आणि पाचशे यार्डांवरचा कळप माना वर करून निघून जायचा. त्या हिवाळ्यात मी त्याच्या तीन शिकारी घालवल्या. तो रागावला नाही. एकदा फक्त विचारलं, "घाई कशाची आहे?" मी त्याला सांगितलं, मला एक मुलगी आहे, दीड वर्षाची होती तेव्हा सोडून आलो. त्याने मान हलवली आणि पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला.

इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, तरी त्या दिवसापासून तो मला 'तू' म्हणतोय असंच मला ऐकू येऊ लागलं.

दुसऱ्या हिवाळ्यात त्याने माझ्या हातात रायफल दिली. आधी एस्टेटच्या शिकारघरामागच्या माळावर पत्र्याचं हरीण उभं केलेलं होतं, त्यावर नेम धरायला लावला. तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. "सर्जनचा हात," तो म्हणाला, "बाकीचा माणूस कुणाचा आहे कोण जाणे." त्या वर्षी मी चार हरिणी मारल्या. सांगलीला आमच्या घरात अंडंसुद्धा गॅलरीतल्या स्टोव्हवर शिजायचं. मी हॉस्टेलमध्ये बाटलो होतो, पण हा प्रकार आईला कळवायची माझी छाती नव्हती. त्या चारही हरिणी त्याने निवडून दिल्या होत्या, मागे पाडस नसलेल्या. नियम मात्र सांगून ठेवला होता: पाडस असेल तर आधी हरिणी, मग लगेच पाडस. दोन्ही, नाहीतर एकही नाही. लेक्चरमध्ये हलवावी तशी मी मान हलवली होती.

तिसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरमधला एक रविवार. मी एडिनबराला बायकोकडे होतो. सांगलीला आमच्याकडे फोन नव्हता, खालच्या मजल्यावरच्या बँकवाल्या काकांकडे करायचा आणि आई येईपर्यंत थांबायचं. आई आली. इकडचं तिकडचं झालं. मी म्हणालो, "तिला दे ना." आईने हाक मारली, "अगं ये, लंडनचा फोन आलाय." एडिनबरा म्हटलेलं तिथे कुणाच्या डोक्यात राहत नसे. बायकोने रिसीव्हरला कान लावला. लांबून पोरीचा आवाज आला, "आई, मला नाही बोलायचं."

बायकोचा चेहरा उजळला. ती 'का गं सोनू' म्हणायला तोंड उघडते तोच पलीकडून पुढचं ऐकू आलं. "आई, तूच बोल ना. मी चालले खेळायला." आणि माझी आई पोरीला दटावत होती, अगं मी नाही, ती आई, फोनमधली. बायकोने रिसीव्हर माझ्या हातात ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. भांडी नव्हती तिथे.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "तिला आत्ता आण. नेक्स्ट वीक. आय मीन इट."

"मार्चमध्ये परीक्षा आहे. आता चार महिन्यांसाठी..."

"दोन वर्षं तू हेच म्हणतोयस."

"अगं, ती तिथे खूश आहे. आवाज ऐकलास ना?"

"आय नो शी इज हॅपी!" ती ओरडली. "तेच तर. आपली तिला आठवणच नाहीये. तुला कळतंय का?"

कळत होतं. म्हणूनच मीही ओरडलो. परीक्षा तू दे मग, असं काहीतरी हलकट बोललो, कोट उचलला आणि दार आपटून दुपारच्या ट्रेनने परत आलो. आठवडाभर फोन केला नाही. शनिवार उजाडला तसा डोंगरावर गेलो. मला कुणावर तरी राग काढायचा होता.

माथ्यावर बर्फ धरलं होतं. पायवाटेने वर चढून, पोनी एका पडक्या दगडी भिंतीच्या आडोशाला बांधून आम्ही वाऱ्याच्या उलट सरपटत निघालो. खळग्यात अकरा हरिणी चरत होत्या. त्या दिवशी माझा पाय हलला नाही. रागात माणूस फार स्थिर होतो. स्टॉकर कानाशी म्हणाला, "कडेची. म्हातारी झालीय, हाडं बघ. हा हिवाळा काढायची नाही. मागे पाडस आहे. आधी ती, मग लगेच ते. कळलं?"

"कळलं."

माझ्या गोळीसरशी हरिणी जागच्या जागी बसली. कळप उधळला. पाडस वीस पावलं पळालं, थांबलं, वळलं आणि आईकडे बघत उभं राहिलं. पाच-सहा महिन्यांचं, थंडीची दाट लव आलेलं.

"आता," तो म्हणाला.

रायफलवरच्या दुर्बिणीतून मला त्याचं ओलं नाक दिसत होतं. मी चापावरून बोट काढलं. "नाही," मी म्हणालो. त्याने रायफलकडे हात नेला, पण तेवढ्यात पाडस कड्यापलीकडे गेलं.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. आठवड्यात पहिल्यांदा. आपल्यात दयामाया शिल्लक आहे, असं काहीसं. स्टॉकरकडे न बघता मी म्हणालो, "एक जीव तरी वाचला."

त्याने रायफल रिकामी केली. "वाचला?"

"गवत खातं की आता ते."

"खातं. पण उत्तरेचा वारा सुटला की कुठल्या खडकाआड बसायचं, बर्फात कुठे उकरायचं, ते आईच्या मागे हिंडून कळतं. पहिला हिवाळा ती दाखवते."

"मग बाकीच्या आहेत ना कळपात? दहा आहेत. कुणीतरी सांभाळेल." हे मी अगदी सहज म्हणालो. आमच्याकडे सांभाळतात. काकू सांभाळते, आजी सांभाळते, शेजारीणसुद्धा सांभाळते. कळपात तसं नसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"लाथ मारतात," तो म्हणाला. "दुसरीचं पोर जवळ आलं तर." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दया केलीस ती तू स्वतःवर. त्याच्यावर नाही."

कुणी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. मी काहीतरी उलट बोलणार होतो, पण तो उठून हरिणीकडे चालू लागला होता. त्याने पोट फाडून आतडी काढली, आम्ही दोघांनी तिला ओढत वाटेवर आणली, पोनीवर लादली. मला वाटलं आता खाली जायचं. तो पुन्हा वर चढला आणि आधीच्याच जागी पोटावर पडला.

"आता काय?"

"थांबायचं. ते येईल. आईला शेवटचं जिथे पाहिलं तिथे येऊन उभी राहतात. दोन-तीन दिवस येत राहतात. मग सोडतात."

"सोडतात म्हणजे?"

"यायचं सोडतात."

दोन तास पडून होतो. गारा आल्या, गेल्या. मला उठून पळावंसं वाटत होतं, आत सगळं धावत होतं, आणि पाय हलवायची सोय नव्हती. उजेड पिवळट होऊ लागला तेव्हा पाडस कड्यावर आलं. थांबत, हुंगत खाली उतरलं आणि बर्फावरच्या लाल डागाशी येऊन उभं राहिलं. स्टॉकरने रायफल माझ्याकडे सरकवली. मी ते काम केलं. हात हलला नाही, पण नंतर बराच वेळ मला रायफलवरचं बोट सोडवेना.

अंधार पडता पडता आम्ही खाली उतरलो. पोनीचं खोगीर सोडताना त्याने विचारलं, "तुझी मुलगी केवढी आहे आता?"

"चार वर्षांची होईल."

"हो का?" तो म्हणाला. "मी आपला दीड वर्षाचीच समजत होतो."

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधल्या फोनवरून सांगलीला लावला. आई धापा टाकत खाली आली, फोनचा नेहमीचा रविवार असूनही तिला वाटलं काही वाईट बातमी आहे. मी विचारलं, "आम्ही निघालो ना, त्यानंतर ती काय करायची?"

"आता कशाला ते?"

"सांग आई."

आई म्हणाली, "फाटकापाशी जाऊन उभी राहायची. तुमची टॅक्सी निघाली ना, तिथे. दूधसुद्धा तिथेच प्यायची. मी लिहिलं नाही, म्हटलं तुमचा अभ्यास. पंधरा-वीस दिवस चाललं तसं. मग सोडलं तिने."

मी परीक्षेचा फॉर्म भरलाच नाही. पुढे केव्हातरी ती परीक्षा दिली, पासही झालो, पण ती गोष्ट वेगळी. बायकोला फोन करून म्हणालो, आणतो. ती एवढंच म्हणाली, "लवकर." डिसेंबरात महिन्याची रजा काढून सांगलीला गेलो. पोर आईच्या पदरामागून बघत होती. आई म्हणाली, "बाबा आले बघ," तर तिने मला वाकून नमस्कार केला, पाहुण्यांना करतात तसा.

आईने मेतकूट बांधून दिलं, पोरीचा स्टीलचा पेला दिला, झबल्यासारखे दोन जुने फ्रॉक दिले. "ने. तुझीच आहे," म्हणाली. निघताना पोरीने विचारलं, आई, तू? आणि माझी आई, जिने लहानपणी खोटं बोलल्याबद्दल मला फोडून काढलं होतं, ती म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा, मी मागून येते." मी मनातून चिडलो. मग आठवलं, सहा महिने म्हणणारा मीच होतो. टॅक्सी वळली तेव्हा मागे बघितलं, तर आई फाटकाशी उभी होती आणि तिचा पदर तोंडावर होता.

विमानात पोर 'आई, आई' करून रडत होती आणि आजूबाजूचे लोक माझ्याकडे संशयाने बघत होते. बघू देत. मला त्या पाडसापेक्षा ती हरिणी आठवत होती. या वेळी ती जिवंत होती, फाटकाशी उभी होती, आणि मी तिचं पाडस घेऊन चाललो होतो. मला माझी भयंकर चीड आली. चूक निस्तरायला निघालो होतो आणि तीच पुन्हा करत होतो.

एडिनबरातला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. बाहेर सगळ्यांचा मिळून दगडी जिना. आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी पोर बूट घालून दाराबाहेर जाऊन बसली. वरच्या पायरीवर, खाली बघत. मागून येते म्हणाली होती ना. बायकोने बाहुली आणली, शिरा केला, गाणी म्हटली. पोर तिला "काकू, नको" म्हणाली, तशी ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. ड्युटीवर जाताना मला म्हणाली, "तिला आत तरी आण. थंडी आहे."

मी आणलं नाही. एक ब्लँकेट घेतलं, पोरीच्या अंगावर टाकलं आणि एक पायरी सोडून खाली, भिंतीला टेकून बसलो. रोज बसलो. दूध तिथेच दिलं. शेजारची म्हातारी वर-खाली करताना 'गुड मॉर्निंग' म्हणायची आणि दुसऱ्याच दिवसापासून तिने काही विचारणं बंद केलं. मी मनातल्या मनात दिवस मोजत होतो. पंधरा झाले. मला भीती वाटायची ती ही, की एक दिवस ती उठेल, आत जाईल आणि सोडून देईल. एकदा सोडलेलं मी पाहिलं नव्हतं. या वेळी निदान शेजारी तरी असावं, एवढीच माझी अक्कल चालत होती.

रजेचे दोन दिवस उरले होते. सकाळी खाली कुणाचं तरी दार वाजलं, तिने मान लांब केली, कुणी नव्हतं. मग पहिल्यांदाच तिने वळून माझ्याकडे नीट बघितलं. माझ्या पायाकडेसुद्धा. तो हलत नव्हता.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही कुणाची वाट बघता?"

"तुझी," मी म्हणालो.

ती विचारात पडली. मग ब्लँकेट गोळा करून भिंतीकडे सरकली आणि तिच्या पायरीवर मला जागा करून दिली.